एका श्वासात तीन वाद्ये

एखादा आंधळा गवई किंवा वादक समोर आला, की आपल्या तोंडी एक शब्द हटकून येतो. तो शब्द म्हणजे ‘असूनही’. “आंधळा असूनही काय पेटी वाजवतो हो!” असे आपण म्हणतो, आणि अगदी चांगल्या मनाने म्हणतो. गाणारा असेल, तर त्याला सूरदास म्हणून मोकळे होतो. पण या कौतुकात एक गोम आहे. त्यात त्या माणसाची पेटी बाजूला राहते आणि त्याचे डोळेच पुढे येतात. पेटी खरोखर कशी वाजली, सूर कोठे लागला, कोठे निसटला, हे कोणी सांगतच नाही. डोळस वादकाचे दोष काढायला आपण मागेपुढे पाहत नाही. आंधळ्याला मात्र आपण ऐकण्याआधीच माफ करून टाकतो. आणि ज्याला ऐकण्याआधीच माफ केले, त्याला आपण ऐकलेच नाही, असे म्हटले तर चूक होईल का?

आज ज्या वादकाची ओळख करून द्यायची आहे, तो असा माफ करण्याजोगा माणूस नव्हता. तो अमेरिकेतला एक कृष्णवर्णीय जॅझवादक. नाव रोलंड कर्क. पुढे त्याने ‘राहसान’ असे आणखी एक नाव घेतले, म्हणून पुष्कळ तबकड्यांवर ‘राहसान रोलंड कर्क’ असे लिहिलेले आढळते. १९३५ साली तो जन्मला आणि १९७७ साली गेला. म्हणजे उणेपुरे ४२ वर्षांचे आयुष्य. तेवढ्यात तो तीन-तीन सॅक्सोफोन एकाच वेळी वाजवणारा म्हणून जगभर गाजला, टीकाकारांच्या टवाळीचा विषय झाला, दूरदर्शन कंपन्यांशी भांडला, आणि शेवटी अर्धे अंग लुळे पडल्यावर एका हाताने वाजवू लागला.

त्याच्यावर निघालेले दोन अनुबोधपट विशेष पाहण्यासारखे आहेत. पहिला डिक फाँटेन यांचा ‘साउंड??’ हा छोटा पट. तो १९६६-६७ च्या सुमारास लंडनमध्ये घेतलेला आहे. दुसरा अ‍ॅडम काहान यांचा २०१४ सालचा ‘द केस ऑफ द थ्री सायडेड ड्रीम’. म्हणजे ‘तीन बाजूंच्या स्वप्नाचे प्रकरण’. हे नाव कर्कच्याच १९७५ सालच्या एका तबकडीसंचावरून घेतलेले आहे. त्या संचात तबकड्या दोन होत्या, पण संगीत तीनच बाजूंवर होते. चौथी बाजू जवळजवळ कोरी! असल्या खोड्या काढण्याची त्याला हौस होती. पण खोड्या पुढे सांगतो. आधी जॅझविषयी दोन शब्द.

जॅझ म्हणजे नुसता गोंगाट, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. खरी गोष्ट निराळी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लीन्स नावाचे बंदर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथल्या कृष्णवर्णीय वस्तीत हे संगीत वाढले. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांनी लष्करी बँडची वाद्ये उचलली आणि त्यांतून आपल्या प्रार्थनांचे आणि कष्टाच्या गाण्यांचे सूर काढले. आता जॅझची रीत पाहा. एक ठरलेली चाल असते. तिच्या तळाशी स्वरसंघांची ठरलेली चौकट असते. सर्वांनी मिळून चाल एकदा वाजवली, की एकेक वादक पुढे होतो आणि त्या चौकटीत राहून आपल्या उपजेने वाजवतो. चाल उद्याही तीच, पण उद्या वाजेल ते आजच्यासारखे नव्हे. बंदिश आणि बढत ज्यांच्या कानांवरून गेली आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटू नये.

आणि मुंबईला तर जॅझ मुळीच नवखा नाही. गोव्याहून आलेल्या वादकांनी तो मुंबईच्या हॉटेलांत वर्षानुवर्षे वाजवला. त्यांतलेच कित्येक पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रंपेटवादक आंतोनिओ झेव्हियर वाझ यांनी आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम केले होते. तेव्हा ‘मी जॅझ कधी ऐकलाच नाही’ असे म्हणणाऱ्यानेही तो गाण्याच्या दोन कडव्यांमधल्या तुकड्यांत ऐकलेला असतो!

कर्कचे मुख्य वाद्य सॅक्सोफोन. हे दिसते पितळेचे, पण त्याचा आवाज निघतो वेताच्या पातळ पत्तीतून. म्हणून त्याच्या सुरात क्लॅरोनेटचा ओलावाही आहे आणि बँडच्या पितळी वाद्यांचा दणकाही. माणसाच्या गळ्याशी त्याचे जवळचे नाते आहे. तो हसू शकतो, खाकरू शकतो, रडूही शकतो.

ओहायओ संस्थानात कोलंबस नावाचे शहर आहे. तेथे ७ ऑगस्ट १९३५ रोजी कर्कचा जन्म झाला. पाळण्यातले नाव रोनाल्ड. तो जन्मांध नव्हता. दोन वर्षांचा असतानाच्या सुमारास त्याच्या डोळ्यांवर उपचार चालू होते आणि औषधाच्या चुकीने त्याची दृष्टी गेली. हाताशी आलेले जग एकाएकी बंद झाले. पुढे तो ओहायओच्या सरकारी अंधशाळेत शिकला.

मुलाला नाद होता फुंकण्याचा. बागेला पाणी घालायची रबरी नळी त्याने तोंडाला लावली आणि तिच्यातून सूर काढण्याची खटपट केली. त्यानंतर बिगुल हाती आला, मग ट्रंपेट. पण ट्रंपेट फुंकायला फार जोर लागतो. त्याचा ताण डोळ्यांवर येईल, असे डॉक्टरांचे मत पडले, म्हणून ते वाद्य सुटले. मग शाळेच्या बँडमध्ये क्लॅरोनेट आणि सॅक्सोफोन आले. पंधराव्या वर्षी तर हा मुलगा नाचगाण्याच्या एका बँडबरोबर गावोगाव वाजवत हिंडू लागला होता.

कर्कच्या आयुष्यातल्या तीन मोठ्या गोष्टी स्वप्नातून आल्या, असे तो स्वतः सांगत असे. पहिली गोष्ट त्याचे नाव. रोनाल्डमधली अक्षरे इकडची तिकडे करून ‘रोलंड’ व्हावे, असे त्याला स्वप्नात सुचले. दुसरी गोष्ट तीन वाद्यांची, आणि तिसरी ‘राहसान’ या नावाची. आता आपण म्हणाल, आंधळ्याला स्वप्न कसे पडते? फार लहान वयात, साधारण पाच वर्षांच्या आत ज्यांची दृष्टी जाते, त्यांच्या स्वप्नांत बहुधा चित्रे नसतात. असतात ते आवाज, स्पर्श आणि वास. कर्कला सोळाव्या वर्षाच्या सुमारास स्वप्न पडले, त्यात आपण तीन वाद्ये एकदम वाजवीत आहोत असे त्याला जाणवले. डोळस मुलगा असता, तर जागेपणी त्याने ते हसण्यावारी नेले असते. याने तसे केले नाही. स्वप्नात जो आवाज ऐकला, तो कोठल्या वाद्यांतून निघेल याचा शोध त्याने सुरू केला.

वाद्ये विकणाऱ्या एका दुकानात, जुन्यापान्या मालात, त्याला ती सापडली. दोन्ही सॅक्सोफोनच्याच जातीची. जवळजवळ कोणी वाजवीत नसे अशी. एकाला तो ‘मॅन्झेलो’ म्हणे. ते उंच आवाजाचे, किंचित वाकड्या मानेचे. दुसरे ‘स्ट्रिच’. ते काठीसारखे सरळ, लांबलचक. तिसरा त्याचा नेहमीचा टेनर सॅक्सोफोन. ही तिन्ही त्याने गळ्यात अडकवली आणि तिन्हींची तोंडे एकदम ओठांत धरली. एकेका वाद्याला एकेकच हात पुरावा म्हणून चाव्यांमध्ये फेरफार करून घेतले. दोन हात दोन वाद्यांवर, आणि पुष्कळदा तिसऱ्या वाद्यावर एकच सूर धरून ठेवायचा, अशी ती योजना. एकजण चाल वाजवतो आहे, दुसरा तिला जोडसूर देतो आहे आणि तिसऱ्याने खाली आधारसूर भरला आहे, असे ऐकणाऱ्याला वाटावे. माणूस मात्र एक!

हे कितपत कठीण आहे, ते पाहा. सॅक्सोफोन वाजवताना पत्तीवर ओठांचा दाब किती आणि हवेचा झोत किती, यावर सुराचा खरेपणा ठरतो. मोठ्या वाद्याला दाब निराळा, लहानाला निराळा. तोंड एकच, आणि त्यात निरनिराळ्या स्वभावाच्या तीन पत्त्या. ओठांचा मधला भाग एकाशी नेमस्त वागतो आहे, तर कडेचा दुसऱ्याशी. तिन्ही सूर एकमेकांशी जुळून राहिले पाहिजेत. यात डोळ्यांचे काम काहीच नाही. आहे ते सगळे कानांचे आणि ओठांचे.

शिवाय एवढी हवा आणायची कोठून? यासाठी कर्कने अखंड फुंकण्याची विद्या हस्तगत केली होती. ही विद्या आपल्याला मुळीच परकी नाही. सोनाराला फुंकणी फुंकताना आपण पाहिले असेल. ज्योत एका धारेने चाललेली असते, मध्ये खंड पडत नाही. गारुड्याची पुंगी तशीच. आमच्या ठाणे-पालघरकडचा वारली आपला तारपा फुंकतो, तोही तसाच. नाचणारे फेर धरून दमतात, पण तारप्याचा सूर तुटत नाही. यातली युक्ती अशी की, गाल फुगवून त्यांत हवेचा साठा करायचा. तो साठा गालांनी दाबून बाहेर सोडीत असतानाच नाकाने नवा श्वास आत घ्यायचा. सांगायला सोपे, साधायला वर्षे लागतात. १९७३ सालच्या एका तबकडीची जवळजवळ एक बाजू कर्कने अशा अखंड फुंकीने वाजवली आहे. वीस मिनिटांच्या आसपासचे ते वादन आहे.

बासरीतही त्याने एक निराळी वाट काढली. फुंकता फुंकता तो घशातून गुणगुणे, मधूनच बोले. त्यामुळे बासरीच्या गोड सुराला एक खरखरीत, माणसाच्या आवाजाची किनार येई. १९६४ साली मुद्रित केलेल्या एका तबकडीत त्याने फक्त बासरीच वाजवली. त्यातली कोकिळेवरची एक रचना पुढे इंग्लंडमधल्या जेथ्रो टल या रॉक वाद्यवृंदाने १९६८ साली आपल्या पहिल्याच तबकडीत घेतली. १९६२ सालच्या क्विन्सी जोन्स यांच्या ‘सोल बोसा नोव्हा’ या तुकड्यातली बासरी कर्कचीच. कित्येकांनी ती सिनेमांत नाहीतर जाहिरातींत ऐकलेली असेल, पण ती कोणाची हे त्यांना माहीत नसते.

एवढे सगळे करणाऱ्या माणसाचा उदोउदो झाला असेल, असे आपल्याला वाटेल. झाला, नाही असे नाही. पण त्याबरोबरच ‘ही तर सर्कस आहे’ असाही एक शेरा त्याच्या मागे कायमचा लागला. आणि वरवर पाहिले तर त्या शेऱ्यात तथ्य वाटावे असे ते ध्यान होते. डोळ्यांवर काळा चष्मा. गळ्यात तीन सॅक्सोफोन. सॅक्सोफोनच्या तोंडात खोचलेली बासरी. नाकाने फुंकायची एक छोटी बासरी, शिट्ट्या, भोंगा. हे सारे घेऊन माणूस मंचावर उभा राहिला, की लोक आधी पाहणार आणि मग जमलेच तर ऐकणार!

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. जो माणूस स्वतः पाहू शकत नाही, त्याच्यावर ठपका येतो तो दिसण्याचा. स्वप्नात त्याने आवाज ऐकला होता. तो आवाज काढायला जी वाद्ये लागली, ती त्याने घेतली. ती अंगावर कशी दिसतात, हा प्रश्न पाहणाऱ्यांचा. अनुबोधपटात त्याला वाजवताना पाहिले, की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. एक वाद्य सोडून दुसरे घेताना त्याचा हात कोठेही चाचपडत नाही. सगळे काही गळ्यात आणि कमरेपाशी, हाताच्या टप्प्यात. ज्याला आपण सोंग म्हणत होतो, ती एका व्यवस्थित कारागिराची मांडणी होती. सुताराची हत्यारे त्याच्या हाताशी असावीत, तशी.

या शेऱ्याला कर्कने वाजवूनच उत्तर दिले. १९६१ साली तो चार्ल्स मिंगस यांच्या वाद्यमेळात गेला. मिंगस म्हणजे जॅझमधले एक करडे प्रकरण. कच्च्या सुराला तेथे थारा नसे. १९६५ साली ‘रिप, रिग अँड पॅनिक’ या तबकडीत त्याच्या साथीला जॅकी बायर्ड, रिचर्ड डेव्हिस आणि एल्व्हिन जोन्स होते. ही त्या काळची पहिल्या प्रतीची मंडळी. त्याच्या वादनात न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या वळणापासून ते अगदी नव्या, बंधने झुगारणाऱ्या वळणापर्यंत सगळा इतिहास ऐकू येतो. ‘जॅझ’ हा शब्दसुद्धा त्याला पुरेसा वाटत नसे. ‘कृष्णवर्णीयांचे अभिजात संगीत’ असे तो म्हणे.

‘साउंड??’ या पटात एका बाजूला कर्क आहे आणि दुसऱ्या बाजूला जॉन केज हे प्रयोगशील रचनाकार. दोघांची गाठ पटात कोठेही पडत नाही. केज हिंडता हिंडता प्रश्न विचारतात. आवाज म्हणजे काय, संगीत कशाला म्हणावे, असे ते प्रश्न. आणि इकडे लंडनमधल्या रॉनी स्कॉट यांच्या क्लबात कर्क वाजवतो आहे. तीन सॅक्सोफोन वाजवतो, बासरी घेतो, पाखरांच्या आवाजाची फीत उलटी फिरवून तिच्याबरोबर वाजवतो. शेवटी समोरच्या लोकांत शिट्ट्या वाटतो आणि साथ करा म्हणून सांगतो. कोणत्या पट्टीत? तर जी पट्टी पाश्चात्य संगीतात अस्तित्वातच नाही, तिचे नाव घेऊन! लोक हसतात आणि फुंकू लागतात. पाहणारा माणूस त्या क्षणी ऐकणारा होतो, वाजवणारा होतो. कर्कला हवे होते ते हेच.

कर्कने आपल्या अंधत्वाविषयी काही सांगितले की नाही? सांगितले, पण सुरांत. १९६७ साली त्याने ‘दि इन्फ्लेटेड टिअर’ ही रचना मुद्रित केली. नावाचा अर्थ ‘फुगलेला अश्रू’. डोळ्यांत घातलेल्या औषधाची आणि त्यानंतरच्या अंधाराची ती आठवण. सुरुवातीला लहान लहान घंटांची किणकिण ऐकू येते. मग तिन्ही वाद्ये एकदम उठतात. त्यांचे सूर एकमेकांना घासतात, कण्हतात. आणि त्यांतून एक साधी, हळुवार चाल वर येते. लहान मुलाने अंधारात कोणाला तरी हाक मारावी, तशी. पुन्हा ते तिन्ही सूर तिच्यावर येऊन आदळतात. कीव करा, असे ही रचना कोठेही म्हणत नाही. एका माणसाने आपल्या पहिल्या दुःखाला नीट बांधलेला आकार दिला आहे, एवढेच ती म्हणते. आणि येथेच तीन वाद्यांचे कारण कळते. हा आक्रोश एका वाद्यातून निघालाच नसता.

पण आपल्या वाटेतला मुख्य अडथळा म्हणून तो डोळ्यांकडे बोट दाखवीत नसे. त्याचे बोट दुसरीकडे होते. कृष्णवर्णीयांनी निर्माण केलेले हे संगीत अमेरिकेच्या दूरदर्शनवर जवळजवळ ऐकूच येत नसे. तेव्हा १९७० साली कर्क आणि त्याच्या सोबत्यांनी ‘जॅझ अँड पीपल्स मूव्हमेंट’ नावाची चळवळ उभारली. तिची तऱ्हा मोठी गमतीची होती. मंडळी तिकिटे घेऊन मर्व्ह ग्रिफिन यांच्या गप्पांच्या कार्यक्रमाला प्रेक्षक म्हणून जाऊन बसली. ऐन ध्वनिचित्रमुद्रणात सगळ्यांनी लपवून आणलेल्या शिट्ट्या आणि बासऱ्या काढल्या आणि एकच कल्लोळ केला. मुद्रण थांबले. कोणाच्या अंगाला हात नाही, काचेला तडा नाही. नुसता आवाज!

त्यातून पुढे एड सुलिव्हन यांच्या सुप्रसिद्ध कार्यक्रमात जागा मिळाली. तारीख होती २४ जानेवारी १९७१. कर्कच्या जोडीला मिंगस, आर्ची शेप, रॉय हेन्स अशी दिग्गज मंडळी. अपेक्षा होती ती स्टीव्ही वंडर यांच्या ‘माय शेरी आमूर’ या लोकप्रिय गाण्याची. गंमत पाहा, वंडर हेही अंधच. पण प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मंडळींनी मिंगस यांची ‘हेशियन फाइट साँग’ ही रचना दणकावून वाजवली. हैतीतल्या गुलामांनी बंड करून स्वातंत्र्य मिळवले होते, त्या हैतीच्या नावाची. गोड चेहरा करून दिलेले गाणे वाजवले असते, तर आमंत्रणे पुन्हा आली असती. पण तसे करायचे नाही, हे ठरलेले होते.

आता मी कर्कचा वकील म्हणून बोलत नाही. त्याचे सगळेच वादन मला सारखे आवडते, असेही नाही. शिट्ट्या आणि भोंगे काही ठिकाणी अती होतात. लोकप्रिय गाण्यांवर केलेली १९७०नंतरची काही कामे पहिल्या कामाच्या तोडीची वाटत नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो आहे. चांगल्याला चांगले आणि कमीला कमी म्हणण्याची मोकळीक जर आपण घेतली नाही, तर पुन्हा तोच ‘असूनही’ आला. ज्याचे दोष काढता येतात, त्यालाच आपण आपल्या बरोबरीचा मानलेले असते.

१९७५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात कर्कला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वय चाळीस. ज्याचे सारे वादन दोन हात, दहा बोटे आणि ओठ यांवर उभे, त्याचा एक हात निकामी झाला. आता कोणीही म्हणाले असते, की संपले. पण या माणसाने लहानपणापासून एकच गोष्ट केली होती. वाद्य जसे आहे तसे तो कधी घेत नसे. आपल्या हाताला ते जुळेल असे करून घेई. तीन वाद्ये एकेका हाताने वाजावीत म्हणून त्याने चाव्या बदलल्या होत्याच. तीच विद्या आता उपयोगी पडली. सॅक्सोफोनच्या चाव्यांची रचना अशी बदलून घेतली, की एकट्या डाव्या हाताने सगळे स्वर निघावेत. १९७६ साली तो पुन्हा मंचावर आला.

लंडनमधला तो रॉनी स्कॉट यांचा क्लब आठवतो ना? पहिल्या पटात जेथे त्याने तीन वाद्ये वाजवून लोकांना शिट्ट्या वाटल्या होत्या, त्याच क्लबात तो झटक्यानंतरही गेला. हात एकच. तरी तेथे त्याने दोन वाद्ये एकदम वाजवून दाखवली. ‘बूगी-वूगी स्ट्रिंग अलाँग फॉर रिअल’ ही १९७७ सालची तबकडी त्या एका हाताची आहे. ती ऐकताना सूर पूर्वीइतका भरदार नाही, धावही तेवढी नाही, हे कळते. पण वाक्य पुरे करण्याची त्याची सवय गेलेली नाही. जे म्हणायचे ते थोडक्यात आणि नेमके म्हणतो.

१९७७ सालच्या डिसेंबरमध्ये इंडियाना संस्थानातल्या ब्लूमिंग्टन येथे, तेथल्या विद्यापीठाच्या विद्यार्थी-भवनात त्याने कार्यक्रम केला. त्यानंतर त्याला पुन्हा झटका आला आणि ५ डिसेंबरला तो गेला. पुढच्याच वर्षी, १९७८ साली, आपल्या मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला आणि मोठमोठे अमेरिकन वादक येथे येऊन वाजवून गेले. कर्क त्याआधीच गेलेला होता.

त्याच्या पत्नी डॉर्थान कर्क यांच्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्या न्यूअर्क येथील डब्ल्यूबीजीओ या जॅझ वाजवणाऱ्या नभोवाणी केंद्राच्या अगदी पहिल्या कार्यकर्त्यांपैकी. अनेक दशके त्यांनी तेथे काम केले, आणि २०२० साली या संगीताच्या सेवेबद्दल त्यांना अमेरिकेचा ‘जॅझ मास्टर’ हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. पतीने दूरदर्शनच्या दारात शिट्ट्या फुंकून जे मागितले, ते पत्नीने नभोवाणीवरून रोज थोडे थोडे देत राहणे पत्करले.

आणि खरे सांगायचे तर, कर्कला ऐकायला नभोवाणीइतकी योग्य जागा दुसरी नाही. येथे काळा चष्मा दिसत नाही, गळ्यातली वाद्ये दिसत नाहीत, लुळा हातही दिसत नाही. वाजवणारा आणि ऐकणारा दोघेही सारख्याच अंधारात असतात. म्हणून माझी एक सूचना आहे. ते अनुबोधपट जरूर पाहा, पण आधी पाहू नका. आधी ‘दि इन्फ्लेटेड टिअर’ ऐका. मग १९७७ सालची ती एका हाताची तबकडी ऐका. शक्य झाले तर घरातल्या कोणाला, हा माणूस कोण हे न सांगता ऐकवा. त्यांना काय आवडले आणि काय आवडले नाही, ते विचारा. त्यानंतर पट लावा.

आणि पट पाहून झाल्यावर घरातले कोणी म्हणालेच, ‘आंधळा असूनही...’, तर वाक्य तेथेच अडवा आणि विचारा, की सूर कसा होता ते आधी सांगा.